फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’

अंदमानातल्या हॅवलॉकला डायव्हिंगला जायचं ठरलं की पहिले दोन आठवडे मोबाइलमध्येच जातात. बेटाचं सरकारी नाव २०१८ पासून स्वराज द्वीप आहे, पण लोकांच्या तोंडी अजून हॅवलॉकच. तिथल्या गोविंदनगर आणि विजयनगरच्या किनाऱ्यालगत डायव्ह शॉप्सची रांग आहे. सिलिंडर, सूट, बोट आणि तुम्हाला पाण्याखाली नेऊन परत आणणारा माणूस, हे सगळं एका छपराखाली मिळतं ते डायव्ह शॉप. सगळ्यांच्या इन्स्टावर तोच केशरी क्लाउनफिश, तोच अंगठा वर केलेला पर्यटक, सगळ्यांना चार पॉइंट नऊ तारे. आणि पाण्याखालचे मासे तर कुठल्याच दुकानाच्या मालकीचे नाहीत. मग निवडायचं कशावरून?

एकटी जाणार असते तर मी इतकी खोलात शिरले नसते. माझ्याकडे ओपन वॉटर डायव्हरचं कार्ड होतं, कर्नाटकातल्या नेत्राणीला घेतलेलं. पण ह्या वेळी आई बरोबर होती. आई ५३ वर्षांची, आचऱ्याची, माहेर मासेमारीवाल्यांचं. आजोबांची होडी होती, मामांचा ट्रॉलर आहे, आणि आई आयुष्यात कधी गुडघ्याच्या वर समुद्रात गेलेली नाही. मुलींनी जाळं विणायचं, मासे निवडायचे, विकायला बसायचं. पाण्यात उतरायचं ते पुरुषांनी. ‘खाली काय असता ता एकदा बघूचा हा,’ हे ती गेली दोन वर्षं म्हणत होती.

मालवणला का नाही गेलात, असं कुणीही विचारेल. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास कितीतरी बोटी पर्यटकांना स्कूबा करवतात, आचऱ्यापासून तासाभराच्या आत. पण तिथे अर्धी माणसं नात्यातली. सूट घालून भावकीसमोर बोटीतून उडी मारायची आईची तयारी नव्हती. म्हणून ठाणे ते आचरा सोडून ठाणे ते अंदमान.

दुकान निवडायचा सगळ्यात कामाचा सल्ला मात्र मालवणातूनच आला. माझा मामेभाऊ चार सीझन स्कूबाच्या बोटीवर होता. त्याला मी लिंकांची यादी पाठवली, तर त्याने एकही उघडली नाही. म्हणाला, ‘फोटो काय बघतंस? कॉम्प्रेसर खय ठेवलेलो हा ता बघ.’

कॉम्प्रेसर म्हणजे सिलिंडरात हवा भरणारं यंत्र. सिलिंडरात ऑक्सिजन असतो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण साध्या डायव्हला ती आपली नेहमीचीच हवा असते, सुमारे २०० बार दाबाने कोंबलेली. ती हवा कॉम्प्रेसर जिथून ओढतो, तिथेच जनरेटरचा धूर येत असेल, तर तो धूरही तुमच्या सिलिंडरात जातो. पाण्याखाली दर १० मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो; २० मीटरवर तो किनाऱ्याच्या तिप्पट होतो, आणि त्या हवेत कार्बन मोनॉक्साइड असेल तर त्याचा मारही तिप्पट. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पण धूर आणि तेल यांना असतो. म्हणून भाऊ म्हणाला, सिलिंडर उघडून थोडी हवा हुंगायची. कसलाही वास यायला नको. सिलिंडरच्या खांद्यावर चाचणीची तारीख ठोकलेली असते, ती वाचायची. आणि मुंबईच्या पाहुण्यासारखं ‘वॉव’ करत फिरायचं नाही.

मी चार दुकानांना व्हॉट्सॲप केलं. एकाने उत्तराऐवजी रेट कार्ड आणि तीन हृदयं पाठवली. दुसऱ्याने लिहिलं की आम्ही पाडीचं फाइव्ह स्टार सेंटर आहोत, काळजी नसावी. पाडी ही १९६६ साली सुरू झालेली, डायव्हिंग शिकवणारी मोठी आंतरराष्ट्रीय संस्था. तिचं फाइव्ह स्टार हॉटेलच्या ताऱ्यांसारखं नसतं. ते तुमच्या सिलिंडरातल्या हवेबद्दल काही सांगत नाही. एसएसआय ही दुसरी मोठी संस्था, आणि दोन्हींचे प्राथमिक कोर्स जवळपास सारखे. त्या भांडणात मी वेळ घालवला नाही. मला दोनच गोष्टी हव्या होत्या: आईबरोबर पाण्यात कोण असेल, आणि तो माणूस आणखी किती जणांना सांभाळत असेल. दोघांनी ‘एकाला एक’ असं कळवलं. त्या दोघांना भेटायचं ठरवून आम्ही फेब्रुवारीत निघालो.

पहिलं दुकान देखणं होतं. बांबूचं छत, थंड नारळपाणी, काउंटरवरचा मुलगा हसतमुख. माझं कार्ड त्याने पाहिलं, पण शेवटचा डायव्ह कधी केला हे विचारलं नाही. मी डिक्सन्स पिनॅकलबद्दल विचारलं. हॅवलॉकच्या डायव्हरांत ह्या जागेचं फार कौतुक. डिक्सन, जॉनी, जॅक्सन ही तिथल्या जागांना मिळालेली नावं मूळ करेन समाजातल्या डायव्हरांची. करेन लोकांना इंग्रजांनी १९२५ मध्ये ब्रह्मदेशातून आणून मध्य अंदमानात वसवलं. बेटावर आजही बोटींवर करेन मुलं दिसतात, आणि पाणी कुठून कसं वाहतंय हे ती नुसत्या नजरेने सांगतात. असो. डिक्सन्सचा बराचसा भाग १८ मीटरच्या खाली आहे, आणि माझं कार्ड १८ मीटरपर्यंतचं. ‘चलेगा,’ मुलगा म्हणाला, ‘वहाँ कौन नापता है.’ शेवटच्या दिवशी सकाळी डायव्ह आणि दुपारी विमान, हेही चालणार होतं.

मग आईसमोर फॉर्म आला. पहिल्या पानावर दहा प्रश्न असतात. त्यातला एक सरळ आहे: तुमचं वय ४५ च्या वर आहे का? ‘हो’ म्हटलं की पुढचा चौकोन भरायचा, त्यात रक्तदाब. आई रक्तदाबाची गोळी घेते. ती चष्मा लावून अक्षर अन् अक्षर वाचत होती. त्या मुलाने हसतच तिच्या हातातलं पेन घेतलं. ‘आंटी, सब में नो कर दो. नहीं तो डॉक्टर का चक्कर लगेगा.’

तो वाईट मुलगा नव्हता. आईला आनंद मिळावा असंच त्याला वाटत असणार, आणि अर्थात साडेपाच हजार रुपयेही. आईसुद्धा ‘नाही’वर टिक करायला तयार झाली होती. मी फॉर्म उचलला, संध्याकाळी येतो म्हणाले आणि बाहेर पडले.

दुसरं दुकान एका घराच्या मागच्या अंगणात होतं. नारळपाणी नव्हतं. कॉम्प्रेसर वेगळ्या खोलीत, हवा घेण्याचा पाइप छपराच्या वर नेलेला, जनरेटर पार दुसऱ्या टोकाला. मी सिलिंडर हुंगायला मागितला तेव्हा तिथली प्रशिक्षक मुलगी हसली नाही. तिने झडप उघडून दिली. कसलाच वास नाही. भिंतीवर ऑक्सिजनची बाटली, प्रथमोपचाराची पेटी आणि एक कागद: रिकम्प्रेशन चेंबर, पोर्ट ब्लेअर, नौदल. डायव्हरच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे झाले तर ज्या बंद टाकीत घालून त्याच्यावर उपचार करतात, ती ही. हॅवलॉकपासून तिथे जायला समुद्र ओलांडावा लागतो. हे त्या कागदाखाली तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

तिने लॉगबुक मागितलं. सहा डायव्ह, शेवटचा १४ महिन्यांपूर्वी. ‘आधी किनाऱ्याजवळ उजळणी. मास्क काढून परत घालायचा, रेग्युलेटर काढून परत तोंडात. नीट जमलं तर परवा बोटीने. डिक्सन्स नाही.’ शेवटच्या दिवशीची डायव्हही नाही. एकाहून जास्त डायव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जायला हवेत. पाच मिनिटांत तिने मला तीन गोष्टी नाकारल्या होत्या. मला राग यायला हवा होता, पण खांदे सैल झाले.

आईचा फॉर्म तिने आईलाच भरू दिला. वय, हो. रक्तदाब, हो. मग तिने पेन खाली ठेवलं आणि हिंदीत समजावलं, की पाण्यात शिरलं की हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं, हृदयाला जास्त काम पडतं. रक्तदाब ताब्यात नसेल तर फुप्फुसांत पाणी साचू शकतं. बेटावरच्या सरकारी दवाखान्यात जाऊन या, डॉक्टरांनी सही दिली तर उद्या सकाळी मी स्वतः तुमच्याबरोबर उतरते. नाही दिली तर भरलेले पैसे परत.

दवाखान्यात रांग होती. डॉक्टरांनी दोनदा मोजलं, मध्ये वीस मिनिटं बसवून. १६८/१०२. गोळी चालू असताना. त्यांनी फॉर्म सही न करता परत दिला आणि घरी पोचल्यावर गोळी बदलून घ्या म्हणाले.

परत येताना रिक्षात आई काही बोलली नाही. खोलीवर आल्यावर बोलली. ‘इतक्या लांब येवन माका भायरच ठेवल्यानी. तुका काय ता, तू जातलंस खाली.’ त्या पहिल्या मुलाकडे गेलो असतो तर आत्ता माझे फोटो निघाले असते, हेही म्हणाली, आणि ते खरंच होतं. त्याच्याकडून रोज कितीतरी माणसं पाण्यात जाऊन हसत वर येत असणार. मी तिच्याशी वाद घातला नाही. वाद घालायला माझ्याकडे एक कागद होता आणि तिच्याकडे ५३ वर्षं.

मी उतरले. उजळणी झाली, मग वॉल नावाच्या जागी गेले, जेटीजवळच ती. खाली काळी भिंत अंधारात उतरत जाते, त्यावर जांभळे पंखे, आणि लायनफिश अंगावरचे दागिने सांभाळत असल्यासारखे फिरत होते. प्रशिक्षक दर थोड्या वेळाने माझा दाब विचारायची. ५० बार शिल्लक असताना आम्ही वर होतो. सुंदर होतं. पण बोटीवर चहा पिताना माझं लक्ष किनाऱ्याकडेच.

तिसऱ्या दिवशी मोठी ओहोटी होती. हॅवलॉकच्या पूर्वेकडचं पाणी ओहोटीला खूप आत जातं, खडक उघडे पडतात, मध्ये कमरेइतक्या पाण्याची डबकी राहतात. प्रशिक्षक मुलगी दुपारी एक मास्क घेऊन आली आणि आईला म्हणाली, ‘आंटी, खड़े-खड़े देखते हैं.’ ह्याला फॉर्म लागत नव्हता. भाडं तिने घेतलं नाही.

आई साडी गुडघ्यापर्यंत खोचून निघाली होती. पाणी मांडीला लागलं तसं तिने साडीचा विचार सोडून दिला. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने ती मुलगी. आई वाकली, मास्क पाण्यात घातला, लगेच वर आली, खोकली, परत घातला. दुसऱ्या वेळी ती बराच वेळ वर आलीच नाही, म्हणजे मला बराच वाटला. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

तिच्या समोर वाळूवरून एक काळा गोळा सरकत होता, बोटाएवढ्या माशांचा, इतका दाट की एकच प्राणी वाटावा. पांढऱ्या रेघा, तोंडाला मिशा. मी हात पुढे केला.

आईने डोकं वर काढलं आणि माझ्या हातावर चापट मारली. ‘हात लावू नको! मिशा दिसनत नाय तुका? शिंगाळ्याच्या जातीचे हत. काटो मारतत, रात्रभर रडतलंस.’

प्रशिक्षक मुलीने मला विचारलं, काय म्हणतायत? मी सांगितलं. तिने मान डोलावली. ह्या माशांचे काटे खरोखरच विषारी असतात, आणि नव्या डायव्हरांना ती पहिल्याच दिवशी हे सांगते.

आईने तोपर्यंत मास्क पुन्हा चढवला होता.