गोंगाटाचा जमाखर्च

दिवाळीत व्यापारी जुनी वही मिटतात आणि नवी उघडतात. आमच्या घराण्यात दुकान कुणाचेच नव्हते. मी छत्तीस वर्षे बँकेत बसून दुसऱ्यांच्या पैशांचे आकडे जुळवले आणि २०२४ साली निवृत्त झालो. आता जुळवायला दुसऱ्याचे काही उरले नाही, तेव्हा स्वतःच्या करमणुकीचाच जमाखर्च मांडावा म्हणतो. २०२४च्या दिवाळीपासून २०२५च्या दिवाळीपर्यंत काय ऐकले, काय पाहिले आणि त्यातून हाती काय लागले, एवढाच हा हिशेब.

मात्र आधीच सांगून टाकतो, माझी करमणूक माझ्या वयाला शोभणारी नाही. मला हेवी मेटल आवडते. समवयस्कांत हे नाव काढले की त्यांना भांड्यांचे दुकान कोसळल्यासारखे वाटते. "म्हणजे ते केस सोडून किंचाळतात ते?" होय, तेच. आमचे शेजारी नाना सकाळी भीमसेनांची तोडी लावतात आणि मी संध्याकाळी ब्लॅक सॅबथ लावतो. मधल्या भिंतीने दोघांवरही सारखेच उपकार केले आहेत. ऐंशीच्या दशकात धोबीतलावच्या रंगभवनात रॉकचे जलसे होत. मित्रांच्या मागोमाग तिथे गेलो आणि या नादाला लागलो. पगारातले पैसे काळा घोड्याच्या 'ऱ्हिदम हाऊस'मध्ये कॅसेटींवर उधळले. ते दुकान २०१६ साली बंद झाले, रंगभवनातले जलसे तर त्याआधीच थांबले. माझे वेड तेवढे चालू राहिले.

या संगीताचा जन्म बर्मिंगहॅमच्या कारखान्यांत झाला, असे म्हटले तर ती नुसती अलंकारिक भाषा होणार नाही. टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा पोरगा तिथे पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली, नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोके यंत्रात तुटली. गडी डावखुरा, म्हणजे गिटारीच्या तारा दाबायचा हात नेमका तोच! पण आगीत दोन बोटे निकामी झालेल्या जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका त्याने ऐकली आणि त्याला धीर आला. प्लॅस्टिकची बाटली वितळवून त्याने बोटांना टोपणे केली, वर चामडे चिकटवले. दाबताना दुखू नये म्हणून बारीक तारा लावल्या, पुढे त्या उतरवून सैलही केल्या. त्या सैल तारांतून जो जड, खर्जातला नाद निघाला, त्यावर पुढच्या पन्नास वर्षांचे हेवी मेटल उभे आहे.

ही गोष्ट मी लोकांना कैक वेळा सांगितली होती. यंदा ती मलाच ऐकावी लागली.

२०२५च्या जानेवारीत माझ्या हातातली चहाची बशी वाजू लागली. अक्षर तर त्याआधीपासूनच बारीक होत चालले होते. डॉक्टरांनी मला चालायला लावले, बोटे एकमेकांवर आपटायला लावली आणि पार्किन्सन्सचे निदान केले. आमची आई याला कंपवात म्हणे. घरी परतताना मनात आले ते अगदीच क्षुल्लक होते : आता सहीचे काय? छत्तीस वर्षे माझी सही पाहून लोकांचे चेक वठले आणि आता माझा चेक माझ्याच सहीवरून परत यायचा! या आजाराची आणखी एक तऱ्हा आहे. हात मांडीवर स्वस्थ ठेवला की थरथरतो, कामाला लावला की पुष्कळसा निवतो. निवृत्त माणसाला याहून चेष्टेखोर आजार कोणता मिळणार?

त्यानंतर तीन-चार महिने मी काहीच ऐकले नाही. हिशेबाच्या वहीत ती पाने कोरी आहेत. थरथरत्या हाताला आणखी थरथर कशाला, असे वाटे.

मे महिन्यात मुलीने न विचारता दोन तिकिटे काढली. १७ तारखेला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर गन्स अँड रोझेसचा जलसा होता. २०१२ नंतर ते प्रथमच भारतात आले होते. कडवे भक्त त्यांना मेटल मानीत नाहीत, हार्ड रॉक म्हणतात. शैव-वैष्णवांचे वाद आपल्यालाच येतात असे कुणी समजू नये. गायक ॲक्सल रोझ त्रेसष्ट वर्षांचा, मी एकसष्टचा आणि भोवतालची पोरे विशीतली. त्यांतला एकजण मधूनच मला म्हणाला, "काका, पाणी हवंय?" ढोल सुरू झाले तशी पायांखालची जमीन हलू लागली. छातीची फासळी न् फासळी वाजत होती. हजारो हात वर गेले, त्यांत माझाही गेला. त्या मैदानात एकट्या माझाच हात थरथरत नव्हता, एवढे मात्र खरे.

मग ५ जुलै उजाडला. बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथचा अखेरचा जलसा होता. मूळचे चौघे वीस वर्षांनी एकत्र येणार होते. मेटालिका, स्लेयर अशी मातब्बर मंडळी शिष्यांसारखी आधी हजेरी लावून गेली. घरबसल्या पाहण्याचे पैसे मी भरले होते. मुख्य गायक ओझी ऑस्बर्न येईतो आमच्याकडे रात्र सरत आली होती. तारीख उलटली होती आणि त्या दिवशी आषाढी एकादशी होती. हा ओझी व्हिला पार्कशेजारच्या ॲस्टनमध्ये गरिबीत वाढला. तरुणपणी त्याने कारखान्यात मोटारींचे भोंगे जुळवले, खाटीकखान्यातही काम केले. आपल्याला पार्किन्सन्स असल्याचे त्याने २०२० साली जगाला सांगितले होते. तो आला तो काळ्या सिंहासनात बसून. उठता येत नव्हते, आवाज मधूनच फाटत होता, पण डोळे वेड्या पोरासारखे चमकत होते.

आमची ही साबुदाणा पाहायला उठली होती. दारातच थबकली.

"बसून गातोय का हो हा?"

"हो. मला झालंय तेच त्याला झालंय."

ती काही बोलली नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली. चाळीस वर्षांत हा गोंगाट तिने पहिल्यांदाच शेवटपर्यंत ऐकला. मग उठून तिने टीव्हीवर पंढरपूर लावले. मीही हात जोडले. जोडलेले हात थरथरत होते, पण त्याची त्या वेळी लाज वाटली नाही.

२२ जुलैला ओझी गेला, शहात्तराव्या वर्षी. शेवटच्या जलशाला जेमतेम सतरा दिवस झाले होते. बातमी मला हिनेच सांगितली, घरातले कुणी गेल्यासारखी, हळू आवाजात.

सप्टेंबरात 'दशावतार' चित्रपट पाहिला. त्यात एक्क्याऐंशी वर्षांचे दिलीप प्रभावळकर कोकणातल्या एका वृद्ध दशावतारी नटाच्या भूमिकेत आहेत. नटाची दृष्टी अधू होत चालली आहे, पण रंग लावायचे काही सुटत नाही. बर्मिंगहॅम आणि कोकण यांचे नाते जोडायला मी काही समीक्षक नाही. पण थिएटरात मला सिंहासनातला तो माणूस आठवत राहिला. करमणूक दुःख विसरायला लावते, असे आपण समजतो. मला यंदा तसा अनुभव आला नाही. माझे दुःख कुणीच मला विसरू दिले नाही. उलट ते सगळ्यांसमोर मांडून त्यावर ताल धरता येतो, हे दाखवले. जमेच्या बाजूला एवढीच रक्कम आहे. खर्चाच्या बाजूला औषधे आहेत आणि ती वाढत जाणार आहेत, हे मला ठाऊक आहे.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला तालावर चालायला सांगितले आहे. या आजारात पाऊल अडखळते, पण ठोका ऐकू आला की ते उचलले जाते. त्यांच्या मनात घड्याळासारखी टिकटिक होती. मी सॅबथचे 'आयर्न मॅन' निवडले. सुरुवातीचे त्याचे ठोके हत्तीच्या चालीचे आहेत, माझ्या पावलांना ते अगदी बेतशीर पडतात. रोज सकाळी गच्चीवर माझी ही फेरी चालते आणि खालून नानांची तोडी वर येते. आताही चाललीच आहे. जिन्यातून हिची हाक येते आहे, "अहो, तुमच्या त्या लोखंडी माणसाला घेऊन खाली या, फराळ मांडलाय!"