तिखट सोसते का?

जीवनगुणवत्तेच्या प्रश्नावलीची पारख आकडेमोडीच्या आधीच सुरू होते. उदाहरणार्थ, नागपुरात सीताबर्डीच्या पानठेल्यांवर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा देतात. वर्षानुवर्षे तो चघळणाऱ्या अनेकांच्या गालांचे अस्तर ताठरते, तोंड उघडेनासे होते. हा आजार म्हणजे ओरल सबम्यूकस फायब्रोसिस. डोके-मान कर्करोगासाठी युरोपात बेतलेल्या ३५ प्रश्नांच्या ‘एच अँड एन ३५’ या प्रश्नावलीत तोंड उघडण्याचा त्रास विचारला आहे, घरच्यांसमोर जेवतानाची अडचणही विचारली आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने भारतीय रुग्णांवर केलेली तिची पारख २००५ साली प्रसिद्ध झाली. तिखटाने होणारी आग मात्र तीत नाही, आणि फायब्रोसिसच्या रुग्णाची पहिली तक्रार बहुधा तीच असते. सावजी रश्श्याच्या शहरात हा प्रश्न राहून गेला, तर पुढचे कोणतेही गणित ती उणीव भरून काढत नाही.

मग येतो प्रश्नांची आपसातली सुसंगती मोजणारा ली क्रॉनबॅक यांचा १९५१ चा अल्फा. तो ०.७० च्या वर गेला की प्रश्नावली उत्तीर्ण, ही समजूत घातक आहे. प्रश्नाप्रश्नांतला सरासरी सहसंबंध ०.३ असेल, तर ३ प्रश्नांचा अल्फा ०.५६ येतो, १० प्रश्नांचा ०.८१ आणि २० प्रश्नांचा ०.९०. प्रश्न तेवढेच सैल, वाढली फक्त संख्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २६ प्रश्नी ‘डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ’मधल्या सामाजिक संबंधांच्या ३ प्रश्नांचा अल्फा कमी आला म्हणून तो भाग वगळणे अन्यायाचेच. प्रश्न खरोखर एकाच गोष्टीभोवती आहेत का, ते घटक विश्लेषणातून तपासावे लागते.

पुढची पारख: उत्तरे टिकतात का? त्यासाठी आजार स्थिर असताना त्याच रुग्णाला साधारण २ आठवड्यांनी पुन्हा विचारतात. इथे पिअर्सनचा सहसंबंध फसवतो. सगळ्यांचे गुण ५ ने वाढले तरी तो १ च राहतो. म्हणून एकमत मोजणारा वर्गांतर्गत सहसंबंध गुणांक घ्यावा.

मग, प्रश्नावली आजाराची तीव्रता ओळखते का? तोंड ३५ मिमीहून जास्त उघडणारे आणि १५ मिमीहून कमी उघडणारे, या दोन गटांचे गुण वेगळे यायलाच हवेत. पण गुण आणि मिलिमीटर यांचा सहसंबंध १ च्या जवळ गेला, तर शंका घ्यावी. मग नुसती मोजपट्टीच पुरली असती.

शेवटी बदल टिपण्याची ताकद. तोंडाच्या व्यायामानंतर रुग्णालाच विचारावे, खूप बरे वाटते, थोडे बरे की तसेच आहे? ‘थोडे बरे’ म्हणणाऱ्यांच्या गुणांतली सरासरी वाढ हा किमान अर्थपूर्ण बदल धरता येतो. नमुना मोठा असेल तर याहून लहान वाढीलाही पी-मूल्य ०.०५ च्या खाली मिळते. तेवढ्यावर उपचार लागू पडला, असे लिहू नये.