विहीर उपसण्यापूर्वी

वैशाख लागला की आम्हां गोमंतकीयांच्या घरी डागडुजी सुरू होते. फुटकी कौले बदलणे, पंख्यांच्या तारा तपासणे ही कामे त्या मानाने सोपी. खरी जोखीम विहिरीची. आमच्या कोकणीत ती ‘बांय’. पाणी तळाला गेले की ती उपसून गाळ काढावयाचा. परंतु खोल विहिरीत हवेहून जड असा कार्बन डायऑक्साइड साचू शकतो. त्याला ना रंग, ना वास. जुनी माणसे आधी कंदील सोडीत. तो विझला तर धोका निश्चित. पण जळत राहिला म्हणून हवा निर्धोक ठरत नाही, कित्येक विषारी वायूंची वार्ता ज्योत देतच नाही. कोसळलेल्यामागे धावून उतरणारा आप्तही मग आतच राहतो. अशा वेळी १०१ वर अग्निशामक दलास बोलवावे. यंदा आम्ही कोणासही उतरू दिले नाही. गाळ तसाच आहे. पाण्याला किंचित मातीचा वास येतो.