पिशवीचा हिशेब

डॉक्टरांच्या कागदावर हिस्टरेक्टॉमी, घरोघरी मात्र ‘पिशवीचं ऑपरेशन’. तालुक्याच्या गावात ते वीस-तीस-चाळीस हजारांत उरकतं, पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात दुर्बिणीतून केलं की आकडा लाखाच्या पुढे जातो, सरकारी रुग्णालयात जवळजवळ फुकट होतं. विमा असला तर यातलं किती सुटेल, हा त्यापुढचा प्रश्न, आणि बहुतेकांची चौकशी तिथेच संपते. मला ती अर्धवट वाटते. पिशवी काढायला किती लागतात हे सगळे सांगतात. ती राखायला किती लागतात आणि ते कोण भरतं, हे कुणी विचारत नाही. विम्याचा खरा परिणाम या दुसऱ्या आकड्यात दडलेला आहे.

आरोग्य संजीवनी ही पॉलिसी घ्या. मजकूर विमा नियामकाने ठरवून दिलेला, १ एप्रिल २०२० पासून कंपन्यांनी तो तसाच विकायचा. तिच्यात मोतीबिंदू, हर्निया, टॉन्सिल यांच्या पंगतीला हिस्टरेक्टॉमी बसवली आहे. पहिले चोवीस महिने दावा नाही. पुढे खोलीभाडं दिवसाला विमा रकमेच्या दोन टक्के, फार तर पाच हजार. ही अट निरुपद्रवी दिसते. समजा, तीन लाखांची पॉलिसी असलेल्या बाईने आठ हजारांची खोली तीन दिवस घेतली. वरचे नऊ हजार आपण भरू, असा घरच्यांचा अंदाज. पण खोली वरच्या दर्जाची झाली की सर्जन, भूलतज्ज्ञ आणि थिएटर यांचे दरही बहुधा चढतात, म्हणून कंपनी त्यांनाही त्याच प्रमाणात कात्री लावते. ही बिलं ऐंशी हजारांची असतील तर मंजूर पन्नास. म्हणजे नऊ हजारांची सोय एकोणचाळीस हजारांना पडली, आणि जे मंजूर झालं त्यातलेही पाच टक्के आपल्याच खिशातून. विम्यातून न मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत मिनरल वॉटर आणि टेलिफोनच्या शेजारी सॅनिटरी पॅड आहे. यादी करणाऱ्याने हे ऑपरेशन कशापायी करावं लागतं याची चौकशी केलेली दिसत नाही.

हे सगळं त्रासाचं असलं तरी कागद नीट वाचून टाळता येण्यासारखं आहे. न टाळता येणारी गोष्ट वेगळीच. याच पॉलिसीत दाखल होण्याआधीच्या तीस दिवसांचा आणि घरी गेल्यानंतरच्या साठ दिवसांचा खर्च मिळतो. आता अंगावरून फार जातं म्हणून आलेल्या बाईच्या सोनोग्राफीची पावती डोळ्यांसमोर आणा. महिनाभरात ऑपरेशन झालं तर ती पावती कंपनी भरते. गोळ्यांनी रक्तस्राव आटोक्यात आला, किंवा गर्भाशयात हार्मोनची तांबी बसवून काम भागलं, तर तीच पावती बाईच्या पदरात राहते. गोळ्या, तांबी, पुन्हा तपासणीला यायचं एसटीचं भाडंही तिचंच. स्वस्त उपचार महाग पडतो आणि महाग उपचार स्वस्त. दुसऱ्या टोकालाही तसंच. अंडाशयंही काढली असतील तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते, आणि तरुण वयात हे झालं की हाडं ठिसूळ होण्याचा, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं ठेवली तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. हे खर्च एकसष्टाव्या दिवसानंतर, वर्षानुवर्षं येत राहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ऑपरेशनच्या वेळचं मध्यक वय चौतीसच्या आसपास आढळलं आहे, हे लक्षात घेतलं की ही वर्षं किती ते कळतं.

सरकारी विम्यातही हाच कल दिसला. २००८ साली आलेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य बीमा योजनेत कुटुंबाला वर्षाला तीस हजारांचं कवच होतं, तेही दाखल झाल्यावर. २०१२ मध्ये छत्तीसगड आणि बिहारमधून गरज नसताना गर्भाशयं काढल्याच्या तक्रारी आल्या; राजस्थानची भर पडून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने केंद्राची याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत अमलात आणायला राज्यांना सांगितलं. यात दोष लोभी डॉक्टरांचा, विम्याचा नव्हे, असं कुणी म्हणेल. लोभ खराच. पण गोळ्या लिहून देऊन योजनेच्या कार्डावर एक रुपया मिळत नाही आणि चाकू लावला की हजारो मिळतात, अशी रचना असेल तर लोभाला फार धडपडावं लागत नाही.

खरा अडचणीचा आक्षेप बीडचा आहे. तिथल्या ऊसतोड बायकांनी विम्याच्या नव्हे, बहुतांशी उसनवारीच्या आणि मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीच्या पैशांवर ऑपरेशनं करून घेतली. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, सहातली एक. देशाचं प्रमाण पंधरा ते एकोणपन्नास वयोगटात तीन टक्क्यांच्या थोडं वर आहे. वयाचा फरक धरला तरी ही दरी भरून निघत नाही. विमा नसताना हे झालं, मग विम्याला बोल कशाला? कारण हिशेब तोच आहे, फक्त वही मुकादमाची आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीचं एक एकक. पाळीत पोट दुखलं, बाई कोपीवर राहिली की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीवर चढतात. फडात ना पाणी, ना आडोसा. दर महिन्याला नुकसान करणारी पिशवी एकदाच काय ते पैसे टाकून काढली तर हंगाम सुटतो. त्यात डॉक्टरने कॅन्सरची भीती घातली की निर्णय व्हायला पाच मिनिटं लागत नाहीत. ही त्या बायकांची स्वतःची निवड आहे, असं म्हणणाऱ्यांचं मी अर्धं मान्य करतो: त्यांचं गणित चुकलेलं नाही, त्यांच्यापुढे मांडलेले आकडे तसे आहेत.

यावर सरकारला सुचणारा उपाय म्हणजे परवानगी. बीडमध्ये खासगी दवाखान्याला आता जिल्हा शल्यचिकित्सकांची मंजुरी घ्यावी लागते. त्याने काही गर्भाशयं वाचली असतील. पण अंग बाहेर आलेल्या, मोठ्या गाठी असलेल्या, खरोखर ऑपरेशन हवं असलेल्या बाईलाही तोच फेरा पडतो. बाह्यरुग्ण खर्च विम्यात घेतला तर हप्ता परवडणार नाही, असं विमावाले सांगतात, आणि सर्दी-खोकल्याच्या बाबतीत ते बरोबरच आहे. इथे मात्र एकाच तक्रारीचे दोन उपचार शेजारी शेजारी उभे आहेत. ऑपरेशनच्या ऐंशी हजारांची तरतूद असलेल्या पॉलिसीत त्याच तक्रारीच्या तांबीला आणि वर्षभराच्या गोळ्यांना जागा करायला फार मोठा विमाशास्त्रज्ञ लागू नये. तोवर मंजुरीचा अर्ज जिल्ह्याला पडून राहतो, आणि इकडे फडात मुकादम त्या महिन्याचा खाडा मांडतोच.