बाहुलीची साक्ष

आमची ही दुखणं सांगणाऱ्यांतली नव्हे. पोटात कळा येत असताना हिनं दिवाळीचा फराळ तळून काढला. विचारलं तर, "काही नाही हो, जरा ॲसिडिटी." शेवटी सोनोग्राफीत खडे निघाले आणि ऑपरेशन ठरलं.

माझी शंका अशी, की जागेपणी न बोलणारी बाई भुलेत काय सांगणार? त्यातून स्नायू सैल करणारं औषध. बोटही हलायचं नाही. भूलतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "नाडी, रक्तदाब बघतोच. पण बाहुलीही सांगते."

डोळ्यातली बाहुली! पहिल्या महायुद्धात ईथरच्या भुलेसाठी ग्वेडेल नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं तक्ता केला, त्यातही तिला रकाना होता. (रकाना दिसला की आम्हा बँकवाल्यांना धीर येतो.) आता पापणी उचलून इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं ती मोजतात. गाढ भुलेतही कळ पोचली की बाहुली मोठी होते. फेंटानिलसारखं अफूच्या कुळातलं औषध पुरेसं पडलं, की बारीक होऊन गप्प बसते. स्नायूंच्या औषधाला सहसा दाद देत नाही.

"हे यंत्र घरी नेता येईल का हो?"

"उपयोग नाही. जाग्या माणसाची बाहुली रागानंही मोठी होते."

म्हटलं, मग राहू द्या.