पाठीमागचा पडदा

मुलांनो, तुमच्या घरी आजी-आजोबांचा फोटो स्टुडिओत काढलेला एखादा जुना फोटो आहे का? आमच्या रहिमतपूरच्या घरी आहे. त्यात माझे आई-वडील अगदी ताठ उभे आहेत आणि त्यांच्या मागे संगमरवरी जिना, कमानी, कारंजं! लहानपणी मला वाटायचं, माझे आई-वडील पूर्वी राजवाड्यातच राहत असणार. एकदा मी आईला विचारलं, तर ती खो-खो हसली. म्हणाली, "अगं, वाडा कुठला? रंगवलेला पडदा हाय त्यो! त्याच्यामागं ओल आलेली भिंत हुती."

असे पडदे आधी नाटकांतही असायचे, बरं का. राजवाडा, जंगल, रस्ता असे पडदे रंगवून घेतलेले असत. प्रवेश बदलला की पडदा बदलायचा. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर असे पडदे रंगवण्यात नावाजलेले होते. पुढे त्यांनी सिनेमे काढले. त्यांचा 'सैरंध्री' १९२० सालचा. आमच्या गावालाही नाटकाचं अप्रूप आहे, कारण नाटककार वसंत कानेटकर यांचा जन्म इथलाच.

आता माझी फजिती सांगते. मी चित्रकला शिकवते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या आणि आमचा वर्ग व्हिडिओवर भरू लागला. मी बसायचे त्या जागेमागे पोपडे निघालेली भिंत, दोरीवर वाळत घातलेले कपडे आणि ज्वारीचं पोतं. मुलांना हे दिसणार? मला लाज वाटली. मग कळलं, की आपल्या मागे आपल्याला हवं ते चित्र लावता येतं. मी काचेच्या कपाटांतून पुस्तकं रचलेल्या मोठ्या ग्रंथालयाचं चित्र निवडलं. झालं! बाई एकदम विदुषी दिसू लागल्या.

ही जादू होते कशी? टीव्हीवर हवामान सांगणारी व्यक्ती बहुतेक वेळा हिरव्या भिंतीसमोर उभी असते. माणसाच्या कातडीत तसा हिरवा रंग नसतो. म्हणून यंत्र हिरवं तेवढं काढतं आणि तिथे नकाशा बसवतं. आपल्या घरी हिरवी भिंत नसली तरी चालतं. माणसांची असंख्य चित्रं दाखवून संगणकाला माणसाचा आकार ओळखायला शिकवलेलं असतं. तो डोकं, खांदे, हात ठेवतो आणि बाकीचं पुसतो. पण कधी कधी चुकतो. मोकळे केस कापतो, हातातलं पुस्तक गिळून टाकतो!

एके दिवशी वर्ग चालू असताना आई चहा घेऊन आली. यंत्राला ती नीट ओळखताच आली नाही. पडद्यावर काय दिसलं? पुस्तकांच्या कपाटातून नुसता एक हात बाहेर आला, त्यात कपबशी! "बाई, भूत!" मुलं ओरडली. मीही हसले. आईनं वाकून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आणि मी कुठं हाय ह्यात?"

मुलांनो, माझं हसू तिथंच थांबलं. भिंत झाकायला गेले आणि आईच पुसली गेली.

तेवढ्यात एक मुलगी बोलली. ती कायम चित्र बंद ठेवायची, नुसता आवाज यायचा. ती म्हणाली, "बाई, म्हणजे ती कपाटं तुमची नव्हती? आमच्या मागं पत्रा आणि गोठा दिसतो, म्हणून मी दिसत नव्हते."

काय उत्तर देणार? मी ग्रंथालय काढून टाकलं. पोपडे, दोरी, पोतं, सगळं दिसू लागलं. आईला शेजारी बसवलं आणि सांगितलं, "ही आमची भिंत, आणि ही माझी आई."

पुढच्या आठवड्याचा गृहपाठ ठरला, 'माझ्या पाठीमागचा पडदा'. प्रत्येकानं आपल्या मनातली जागा आडव्या कागदावर रंगवायची, उजेडात फोटो काढायचा आणि तो मागे लावायचा. ज्यांच्या फोनवर ती सोय नव्हती, त्यांनी कागद भिंतीलाच चिकटवला. कुणी रॉकेट काढलं, कुणी समुद्र. त्या मुलीनं आपलाच गोठा काढला होता. पत्र्यावर ऊन, दारात जास्वंद आणि मधोमध तिची म्हैस, तोंड भरून रवंथ करणारी! त्या दिवशी ती पहिल्यांदा आम्हाला दिसली.

तुम्हीही करून पाहा. खिडकी पाठीशी नको, समोर असू द्या, म्हणजे चेहऱ्यावर उजेड पडेल. कपडे मागच्या भिंतीच्या रंगाचे नकोत. चित्रातली अक्षरं तुम्हाला उलटी दिसली तर घाबरू नका. बहुतेक वेळा आपल्याला आपलं रूप आरशातल्यासारखं दिसतं, समोरच्यांना ती सुलटच दिसतात.

पडदा लावण्यात वाईट काहीच नाही. मागे घरातली माणसं वावरत असतात, त्यांना सगळ्यांनी पाहावं असं नसतं, तेव्हा तो लावावाच. नुसती गंमत म्हणूनही लावावा. फक्त घराची लाज वाटते म्हणून लावू नका.

आणि हो, चहा घेऊन कुणी आलं, तर दोन मिनिटं पडदा बाजूला करा!