बॅटरी फक्त चावीपुरती?

बॅटरीचं काम चावी फिरवण्यापुरतं, पुढचं सगळं अल्टरनेटर सांभाळतो, हा समज जुन्या डिझेल जीपच्या काळात बराचसा खरा होता. तिथला इंधनपंप यांत्रिक होता. आजच्या पेट्रोल गाडीत मात्र इंधनपंप, इंजेक्टर, इग्निशन कॉइल आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा ईसीयू विजेवरच जगतात. व्होल्टेज घसरलं की इंजेक्टर उघडायला किंचित उशीर होतो. ईसीयू तो हिशेबात धरून भरपाई करतो, पण त्या भरपाईलाही मर्यादा आहे; ती ओलांडली की गाडी धक्के देऊ लागते.

अल्टरनेटर असताना या धक्क्यांचा दोष बॅटरीला का, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण सिग्नलवर उभ्या गाडीचं इंजिन मंद फिरतं, अल्टरनेटर कमी वीज देतो, आणि नेमके तेव्हाच एसी, रेडिएटरचा पंखा, वायपर, दिवे चालू असतात. ती तूट बॅटरीनेच भरायची. धडधाकट बॅटरी बंद गाडीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. सहापैकी एक सेल गेला की आकडा 10.5 च्या आसपास येतो. मग अल्टरनेटर तिला भरतच राहतो, त्याचा भार इंजिनवर पडतो आणि आयडलिंग डळमळतं.

तरी प्रत्येक धक्क्याचं खापर बॅटरीवर फोडू नये. (नवी बॅटरी विकणं दुकानदाराला सोपं असतं, हेही आहेच.) सैल अर्थिंग, टर्मिनलवर साचलेला थर किंवा अल्टरनेटरचा घसरणारा पट्टा अशीच लक्षणं दाखवतात. आधी मल्टिमीटर लावावा: चालू इंजिनावर 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळाले तर अल्टरनेटर बहुधा ठीक. मग बॅटरीची लोड टेस्ट करावी.